इंटरनेट कॉलिंगमध्ये फोन नंबर कोणता आणि यूजरनेम कोणतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा कारखाना असो, मार्केट यार्डातली अडत असो की सात रस्त्याजवळचा दवाखाना. आयपी पीबीएक्स (इंटरनेट जोडणीवर चालणारी ऑफिसची अंतर्गत फोन यंत्रणा) बसवला की पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी बहुतेक एकाच जातीच्या असतात. "आतले फोन लागतात, मोबाइल लागत नाही." "मोबाइल लावला तर गोदामातला फोन वाजतो." "कॉल येतो पण नाव दिसत नाही." मूळ एकच असतं: टाइप केलेलं म्हणजे फोन नंबर की यूजरनेम, हे चुकीचं ठरलं. यंत्र हे स्वतःच्या हुशारीने ठरवत नाही, आपण भरलेल्या नियमांवर चालतं. म्हणून नियम नीट समजून भरा, असा आमचा आग्रह आहे.

एक सूचना आधीच. या पानावर आकडे आणि पत्ते देवनागरीत छापले आहेत. सेटिंगमध्ये भरताना ते इंग्रजी अंक-अक्षरांतच भरायचे. कारण पुढे एका उत्तरात दिलं आहे. × म्हणजे कोणताही अंक.

एकाच रकान्यात मी कधी "गोदाम" टाइप करतो, कधी मोबाइल नंबर. फोनला फरक कसा कळतो?

सॉफ्टफोन (संगणकावर किंवा मोबाइलवर चालणारं कॉलिंग ॲप) साधारण तीन गोष्टी क्रमाने तपासतो.

पहिली, @ आहे का. असेल तर तो पूर्ण सिप पत्ता धरला जातो (सिप म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडण्याची पद्धत): @ च्या आधी व्यक्ती किंवा नंबर, नंतर सर्व्हर. अँड्रॉइडच्या फोन-नंबर कोडमध्ये हीच तपासणी आहे. तिथे @ सोबत %४० सुद्धा शोधतात, कारण वेब लिंकमधून आलेल्या पत्त्यात @ चं रूपांतर %४० असं झालेलं असू शकतं, आणि खऱ्या टेलिफोन नंबरात या दोन्ही गोष्टी कधीच नसतात.

दुसरी, @ नसेल तर चिन्हं कोणती आहेत. फक्त अंक, +, *, # आणि मधले डॅश-कंस असतील तर तो नंबर धरून डायल प्लॅनकडे, म्हणजे कोणता नंबर कुठे पाठवायचा या नियमांकडे, जातो.

तिसरी, अक्षरं असतील तर ते यूजरनेम धरून त्यापुढे आपल्याच सर्व्हरचं नाव जोडलं जातं. "गोदाम" टाइप केलं की बाहेर पडतं "सिप:गोदाम@आपला-सर्व्हर".

गोंधळ दुसऱ्या पायरीत होतो. ३०१ हा बाहेरचा नंबर आहे, एक्स्टेंशन (ऑफिसमधल्या एका फोनचा आतला नंबर) आहे, की कुणी अंकांतच ठेवलेलं यूजरनेम? नुसत्या अंकांचं यूजरनेम सिपच्या नियमात पूर्ण वैध आहे, त्यामुळे चेहरा पाहून हे सांगताच येत नाही.

मग सिपने यावर काही तोडगा दिलाय का?

दिलाय. सिपचं मूळ मानक आरएफसी ३२६१, सन २००२ चं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). त्यात पत्त्याच्या शेवटी "यूजर=फोन" असा शेरा जोडायची सोय आहे:

सिप:+९१२१७२××××××@सर्व्हर;यूजर=फोन

अर्थ असा की @ च्या आधीचा भाग टेलिफोन नंबर म्हणून वाचा. शेरा नसेल तर तो साधं यूजरनेम धरायचा. मात्र त्याच मानकात एक मोकळीकही आहे: शेरा नसला तरी आपल्या सर्व्हरवर यूजरनेमची पद्धत तशी ठरलेली असेल, तर घेणारा त्याला नंबर मानू शकतो. प्रत्यक्षात जवळपास प्रत्येक पीबीएक्स ही मोकळीक वापरतो. काही ट्रंक (पीबीएक्सला बाहेरच्या टेलिफोन जाळ्याशी जोडणारी लाइन) देणाऱ्या कंपन्या मात्र शेऱ्याशिवायचा कॉल नाकारतात. आतले फोन चालतात आणि बाहेरचा एकही कॉल जात नाही, अशा वेळी ट्रंकच्या सेटिंगमध्ये हा पर्याय चालू करून पाहा. बहुतेक पीबीएक्स आणि आयपी फोनमध्ये तो एक टिक लावून चालू करता येतो.

"टेल:" ने सुरू होणारा पत्ता वेगळा असतो का?

हो, आणि तो फक्त नंबरासाठीच असतो. आरएफसी ३९६६, सन २००४. यात @ नाही, सर्व्हरचं नाव नाही. कॉल कुठल्या वाटेने न्यायचा हे घेणारं यंत्र ठरवतं.

टेल पत्त्यात नंबर दोनच प्रकारचा असतो. + ने सुरू झाला तर जागतिक, जगात कुठूनही एकच अर्थ. + नसेल तर स्थानिक, आणि मग तो कुठल्या परिसरातला हे सांगणारा फोन-कॉन्टेक्स्ट जोडणं बंधनकारक आहे. नुसतं "टेल:२××××××" अपुरं. "टेल:२××××××;फोन-कॉन्टेक्स्ट=+९१२१७" म्हटलं की तो सोलापूरचा.

आणखी एक बारीक फरक खूप छळतो. टेल पत्त्यांची तुलना करताना डॅश, टिंब आणि कंस सोडून दिले जातात. +९१-२१७ आणि +९१२१७ एकच. सिप पत्त्यात @ च्या आधीचा भाग मात्र अक्षरश: जुळावा लागतो. डॅशसकट आलेला नंबर आणि डॅश नसलेला नंबर हे तिथे दोन वेगळे यूजर. म्हणून सिपमध्ये नंबर टाकण्यापूर्वी डॅश, कंस आणि रिकाम्या जागा काढून टाकाव्यात.

+ चिन्हाला एवढं महत्त्व का?

कारण + म्हणजे "यापुढचा नंबर पूर्ण आहे, देशाच्या कोडपासून". जागतिक नंबरांचा आराखडा ई.१६४ नावाचा आहे. त्यात देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ अंक असतात. भारतात ९१ आणि पुढे १० अंक, म्हणजे १२.

हे १० अंक लँडलाइनलाही लागू आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात ते मोजून पाहण्यासारखं आहे. सोलापूर शहराचा कोड २१७ आणि नंबर ७ अंकी: तीन अधिक सात. पंढरपूर २१८६, बार्शी २१८४, अक्कलकोट २१८१. तिथे नंबर ६ अंकी: चार अधिक सहा. बेरीज सगळीकडे दहाच.

इथे ०२१७ मधला ० कुठे गेला? तो नंबराचा भाग नाहीच. देशांतर्गत दुसऱ्या गावी लावतोय एवढं एक्सचेंजला सांगणारा तो अंक आहे. परदेशी लावताना ०० वापरतो, त्याचंही तसंच. दुकानांच्या पाट्यांवर, व्हिजिटिंग कार्डांवर आणि बिलबुकांवर "+९१-०२१७-२××××××" असं सर्रास छापलेलं दिसतं. माणूस वाचून समजून घेतो. यंत्राला ते १३ अंक होतात आणि तो नंबर भारतात अस्तित्वातच नाही. वेबसाइटवरच्या "कॉल करा" बटणामागे हाच नंबर असेल तर बटण दाबणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा कॉल फुकट जातो. "+९१ २१७" असं किंवा "०२१७" असं लिहा. दोन्ही एकत्र नको.

एकच मोबाइल नंबर लोक चार-पाच तऱ्हांनी लिहितात. पीबीएक्सला कसं शिकवायचं?

सगळ्या तऱ्हा आत येताच एका रूपात आणा: + आणि १२ अंक. डॅश, कंस, रिकाम्या जागा आधी काढा. मग लांबी आणि सुरुवात दोन्ही पाहा:

+९१ आणि पुढे १० अंक: तसाच ठेवा.
००९१ आणि पुढे १० अंक: ०० काढून + लावा.
एकूण १२ अंक, सुरुवात ९१: सुरुवातीला फक्त + लावा.
एकूण ११ अंक, सुरुवात ०: ० काढून +९१ लावा.
एकूण १० अंक, सुरुवात ६ ते ९: +९१ लावा.
एकूण ७ अंक, सुरुवात २: सोलापुरातली लँडलाइन, +९१२१७ लावा.

यातली लांबीची अट कधीही सोडू नका. "सुरुवातीला ९१ दिसलं की काढून टाक" असा नियम लिहिला की ज्यांचा मोबाइल नंबरच ९१ ने सुरू होतो त्यांचे दोन अंक छाटले जातात आणि मागे आठ अंकी तुकडा उरतो. बाकी सगळ्यांचे फोन लागतात, ठराविक लोकांचेच लागत नाहीत, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

दुसरा सापळा १८०० चा. टोल-फ्री नंबर १० किंवा ११ अंकी असतात. "दहा अंक आले की +९१ लाव" असं सरसकट लिहिलं तर तेही अडकतात. म्हणून वर ६ ते ९ ची अट आहे. १८०० साठी काहीही न जोडता पाठवणारा वेगळा नियम ठेवा.

पंढरपुरात शाखा असेल आणि दोन्हीकडे एकच पीबीएक्स असेल, तर शेवटचा नियम शाखेप्रमाणे बदलावा लागतो. तिथला माणूस स्थानिक नंबर सहाच अंकी लावणार, आणि त्याला +९१२१८६ जोडायला हवं.

लँडलाइनवरून मोबाइल लावताना ० लावावा लागतो. तो कुठे जोडायचा?

हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. पीबीएक्समध्ये मात्र तो ० साठवू नका. आत नंबर +९१ रूपातच राहू द्या. ट्रंकवरून बाहेर पडताना, अगदी शेवटच्या पायरीवर, कंपनीला हवं ते रूप द्या. कुणाला +९१ हवं असतं, कुणाला ९१, कुणाला ०. कंपनी बदलली तर मग एकच ओळ बदलावी लागते.

ॲस्टरिस्कमध्ये हे नियम लिहिताना काय चुकतं?

ॲस्टरिस्क हे पीबीएक्स चालवणारं सॉफ्टवेअर. तिथे नमुना, म्हणजे कोणते नंबर जुळतील हे सांगणारी ओळ, खालच्या रेघेने, म्हणजे _ ने सुरू होतो. एक्स म्हणजे ० ते ९, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९, आणि टिंब म्हणजे पुढे एक किंवा जास्त कोणतीही चिन्हं. मोबाइलसाठी _[६-९] आणि पुढे नऊ वेळा एक्स.

सर्वांत जास्त दिसणारी चूक: एक्स आणि टिंब असा एक सैल नमुना लिहून मोकळं होणं. त्यात + बसत नाही, कारण + हा अंक नाही. हाताने लावलेले नंबर जातात आणि संपर्क यादीतून +९१ सकट निवडलेले जात नाहीत. + ने सुरू होणाऱ्यांसाठी वेगळी ओळ लागतेच.

याच्या उलट, नुसतं _ आणि टिंब असा "काहीही चालेल" नमुना तर अजिबात लिहू नका. ॲस्टरिस्क स्वतःच्या अंतर्गत पायऱ्यांनाही एकाक्षरी नावं देतो: फोन ठेवल्यावर एच, चुकीच्या नंबरासाठी आय, वेळ संपल्यावर टी. हा नमुना त्यांनाही गिळतो आणि फोन ठेवला की पुन्हा बाहेरची लाइन धरायचा प्रयत्न होतो.

दोन नमुने जुळत असतील तर ॲस्टरिस्क जास्त नेमका आधी धरतो, ओळींचा क्रम पाहत नाही. पुष्कळ वेब पॅनेलांत मात्र वरचा मार्ग आधी लागतो. आपल्याकडे कोणती पद्धत आहे ते आधी तपासा.

११२, १००, १०१, १०८ हे कोणत्याही रूपांतराशिवाय, कोणत्याही पिनशिवाय, प्रत्येक फोनवरून गेलेच पाहिजेत. बसवणाऱ्याने काम पूर्ण झाल्याचं सांगण्याआधी या चार ओळी तुमच्यासमोर दाखवाव्यात. यंत्रमागाच्या शेडमध्ये आग लागली तर डायल प्लॅन दुरुस्त करायला वेळ नसतो.

एक्स्टेंशन कोणत्या अंकाने सुरू करावेत?

१ ने नको. १०० ते १९९ अशी मालिका घेतली की १००, १०१, १०८, ११२ हे आपत्कालीन नंबर आणि १३९ ही रेल्वे चौकशी तिच्यात अडकते. २ ने सुरू केलेलंही सोलापुरात गैरसोयीचं, कारण इथल्या लँडलाइनही २ ने सुरू होतात. २०१ दाबल्यावर यंत्राला कळत नाही की हे संपलं की अजून चार अंक यायचेत. मग ते काही सेकंद थांबून राहतं, आणि लोक म्हणतात फोन उशिरा लागतो. ३०१ पासून किंवा ५०१ पासून मालिका घ्या. सर्व एक्स्टेंशन एकाच लांबीचे ठेवा. काही तीन अंकी आणि काही चार अंकी केले की हाच थांबा परत येतो. घाई असेल तेव्हा शेवटी # दाबलं की बहुतेक उपकरणं लगेच कॉल पाठवतात.

लक्षात राहावं म्हणून प्रत्येकाचा मोबाइल नंबरच यूजरनेम ठेवला तर?

ठेवू नका. पीबीएक्स आधी आपल्याकडच्या नोंदी पाहतो. त्या नावाचा यूजर नोंदलेला सापडला की कॉल तिथेच, बाहेर जातच नाही. समजा मुकादमाचा मोबाइल नंबर हेच त्याच्या शेडमधल्या फोनचं यूजरनेम आहे. तो घरी गेल्यावर कुणी ऑफिसमधून त्याच्या मोबाइलवर फोन केला, तर शेडमधला फोन रिकाम्या खोलीत वाजत राहतो. लावणाऱ्याला रिंग ऐकू येते, म्हणून बिघाड आहे हेही कळत नाही.

दुसरं कारण सुरक्षेचं. इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या ५०६० पोर्टवर (सिपचा नेहमीचा दरवाजा) घुसखोरांचे स्कॅनर सतत १००, १०१, १००० अशी अंकी यूजरनेम चालवून पाहतात. एक सापडलं आणि पासवर्ड कच्चा निघाला की तुमच्या ट्रंकवरून परदेशी कॉल सुरू होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. एक्स्टेंशन ३०१ असू द्या, पण लॉगिनचं नाव अक्षर-अंक मिसळून वेगळं ठेवा. सिपमध्ये हे दोन्ही वेगळे ठेवता येतात. ०० चा मार्ग ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यापुरता आणि पिनमागे.

संपर्क यादीत नंबर देवनागरी अंकांत आहेत. ते लागतील का?

ॲपवर अवलंबून. सिप आणि टेल पत्त्यांमध्ये नंबर म्हणून फक्त इंग्रजी ० ते ९ चालतात. देवनागरी अंक हा संगणकासाठी वेगळं अक्षर आहे. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) तो तीन बाइटचा असतो, आणि पत्त्यात घालायचा तर प्रत्येक बाइट % सह तीन चिन्हांत लिहावा लागतो. एक अंक झाला नऊ चिन्हांचा, दहा अंकी मोबाइल नव्वद चिन्हांचा. पीबीएक्सला तो नंबर वाटतच नाही, कुठलं तरी लांबलचक यूजरनेम वाटतं, आणि उत्तर येतं "सापडला नाही".

गूगलचं लिबफोननंबर (फोन नंबर ओळखणारा तयार कोड) ज्या ॲपमध्ये वापरलंय तिथे हे अंक आपोआप इंग्रजीत बदलले जातात. जुने आयपी डेस्कफोन आणि एक्सेलमधून भरलेल्या याद्या यांवर मात्र भरवसा नको. मराठीत ठेवलेली ग्राहकयादी पीबीएक्समध्ये चढवण्यापूर्वी नंबरांचा रकाना बदलून घ्या. नावं मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये खुशाल ठेवा. नाव दाखवण्याचा रकाना वेगळा असतो.

यूजरनेममध्ये लहान-मोठी लिपी चालते का? आणि * #?

@ च्या आधी इंग्रजी लहान-मोठी अक्षरं मानकानुसार वेगळी धरतात, @ नंतर सर्व्हरच्या नावात नाही. सगळी नावं लहान लिपीतच ठेवा, प्रश्न मिटतो. * पत्त्यात तसाच जातो. # जात नाही, त्याचं %२३ करावं लागतं. काही उपकरणं ते करत नाहीत, म्हणून सुविधांचे कोड * ने सुरू केलेले बरे.

व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल हे कसं सांभाळतात?

तिथे नियम ॲपचाच असतो, त्यामुळे वाद कमी. टेलिग्रामचं यूजरनेम अक्षरानेच सुरू व्हावं लागतं, म्हणजे ते नंबरासारखं दिसूच शकत नाही. सिग्नलने २०२४ मध्ये यूजरनेम आणलं आणि त्याच्या शेवटी किमान दोन अंक सक्तीचे केले; खातं उघडायला मात्र फोन नंबर लागतोच. व्हॉट्सॲपच्या थेट चॅटच्या लिंकमध्ये नंबर ९१ सकट, पण +, सुरुवातीचा ०, डॅश आणि कंस यांच्याशिवाय लिहायचा असतो. दुकानाच्या पाटीसाठी क्यूआर कोड बनवताना इथेच ० काढायचा राहून जातो.

जुन्या व्हिडिओ कॉन्फरन्स यंत्रणांचं एच.३२३ मानक या बाबतीत सरळ होतं. तिथे प्रत्येक पत्त्यासोबत त्याचा प्रकारही पाठवला जातो, डायल केलेले अंक की नाव, त्यामुळे अंदाज करावा लागत नाही.

नंबरावरून इंटरनेट पत्ता शोधायची सोय आहे ना?

एनम नावाची आहे, आरएफसी ६११६. + काढायचा, अंक उलटे लिहायचे, मध्ये टिंब द्यायचे आणि शेवटी ई१६४.अर्पा जोडायचं. सोलापूरच्या नंबराचा शेवट मग "…७.१.२.१.९.ई१६४.अर्पा" असा होतो, आणि डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही) त्यापुढे सिप पत्ता सापडू शकतो. सार्वजनिक वापरात हे रुजलं नाही. छोट्या ऑफिसने यात वेळ घालवू नये.

कॉल येतो, पण साठवलेलं नाव दिसत नाही. का?

ट्रंकवरून नंबर ९१ ने सुरू होऊन + शिवाय आला, आणि यादीत तो +९१ ने किंवा नुसता दहा अंकी आहे. काही फोन शेवटचे अंक जुळवून नाव शोधतात, काही अक्षरश: जुळवतात. दुसरा त्रास परत कॉल करताना: आलेल्या कॉलच्या यादीतला ९१ वाला नंबर तसाच डायल होतो. उपाय तोच, येणाऱ्या कॉलच्या नंबरालाही वरचे सहा नियम लावा.

कॉल लागत नाही. सुरुवात कुठून करू?

लॉगमधला उत्तराचा कोड पाहा. ४०४ म्हणजे त्या नावाचा यूजर किंवा मार्ग सापडला नाही. बहुधा नमुना जुळला नाही. ४८४ म्हणजे नंबर अपुरा. अंक पूर्ण व्हायच्या आत फोनने पाठवला. ४१६ म्हणजे पत्त्याचा प्रकारच समजला नाही. टेल पाठवलाय आणि समोर फक्त सिप चालतं. ४०३ म्हणजे समजलं, पण परवानगी नाही. पुष्कळदा दाखवायचा कॉलर नंबर ट्रंकवर नोंदलेल्या नंबरांपैकी नसतो.

मग लॉगमधून इन्व्हाइट संदेशाची (कॉल सुरू करणारा सिप संदेश) पहिली ओळ काढा. पीबीएक्समध्ये येतानाची एक आणि ट्रंककडे जातानाची एक, दोन्ही कागदावर एकाखाली एक लिहा आणि अंक मोजा. आत १० आणि बाहेर १२ असतील तर +९१ लागलं. आत ११ आणि बाहेर १३ असतील तर ० तसाच राहून त्याच्या आधी ९१ बसलंय. बाहेर ८ असतील तर ९१ छाटणारा नियम शोधा.